रांगेतून बाहेर काढलेला माणूस

"मामा, आज तरी तुम्ही रक्त तपासून घ्या की," चहाचा कप पुढं ठेवत निकिता म्हणाली.

बलभीम आरशापुढं उभा राहून फेटा नीट करत होता. सुनेकडं न बघताच तो म्हणाला, "मला काय धाड भरलीय? ह्या वयात एका बैठकीला दोन भाकरी खातोय. तुझ्या नवऱ्याला जमतंय का इचार जा."

सासरे रात्री किती वेळा उठतात, मोरीत किती वेळ थांबतात, हे निकिताला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. पण सुनेनं सासऱ्याला लघवीबद्दल कसं विचारायचं? मुलगा कृष्णराज विचारू शकला असता, पण त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बिनधास्त विचारणारं माणूस घरात एकच होतं, आणि त्याच माणसाच्या नावाचा फलक त्या सकाळी मारुतीच्या देवळापुढच्या मांडवावर लागला होता. ‘कै. कडूबाई स्मृती मोफत आरोग्य तपासणी शिबिर, ईट, ता. भूम.’

पुरुषाच्या अंगाची खबर घरात एकाच माणसाला असते. किती खाल्लं, किती वेळा उठला, पायरी चढताना धाप लागली का, हे ती न विचारता बघत असते. आपण तिच्यावर खेकसतो. ती गेली की खेकसायलाही कुणी उरत नाही आणि बघायलाही.

कडूबाई ही बलभीमची बायको. तिनं जन्मभर त्याच्या खव्याच्या भट्टीवर काम केलं. कढईपुढं उभं राहून दूध हलवायचं, आणि ते झालं की घरचं बघायचं. शेवटच्या वर्षी तिचे पाय सुजायला लागले. बलभीम म्हणाला, "उभं राहून सुजले असतील, तेल चोळ." तिनं चोळलं. मग तोंडावर सूज आली, अन्नाची वासना गेली, तेव्हा तिला बार्शीला नेलं. तिथं रक्त तपासलं. साखरेनं दोन्ही मूत्रपिंडं निकामी केलेली होती. साखर आहे हेच कुणाला माहीत नव्हतं! काही महिन्यांत ती गेली.

बलभीमनं मनाशी एक हिशेब मांडला. तपासायच्या आधी बाई चालतीबोलती होती. तपासलं आणि गेली. म्हणजे न तपासणं बरं. हे तो कुणाला बोलून दाखवत नव्हता, पण वागत तसाच होता.

मग त्यानं शिबिर का घेतलं? ती कल्पना त्याची नव्हती, लालमहंमदची होती. लालमहंमद त्याचा शाळेपासूनचा दोस्त. एसटीत चालक होता, भूम डेपोतून निवृत्त झाला. वर्षश्राद्धाला गावजेवण घालायचं ठरत होतं, तेव्हा तो म्हणाला, "बलभीमा, भाभीच्या नावानं लोकांना जेवू घालण्यापेक्षा लोकांचं रक्त तपास. भाभीला पोहोचंल." बलभीमला ते पटलं, कारण गावभर कडूबाईचं नाव लागणार होतं. पण थाट मात्र गावजेवणाचाच राहिला. मांडव, स्टेज, माईक, फेटे, नारळ आणि परातभर पेढे.

शिबिराला डॉक्टर आले, रक्त घेणारे दोघंजण आले. साखर, रक्तदाब, मूत्रपिंड, आणि पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी प्रोस्टेट ग्रंथीची रक्ततपासणी, असं सगळं फुकट होतं. झालं असं की बायका रांगेत उभ्या राहिल्या आणि पुरुष खुर्च्यांवर बसले. पुरुषांनी पाहुण्यांचे सत्कार केले, पाहुण्यांनी पुरुषांचे केले. बाईच्या नावाचं शिबिर म्हणजे ते बायकांचंच, असं न बोलता ठरून गेलं.

फोटोवाल्यानं बलभीमला खुर्चीत बसवलं. दंडाला रबरी पट्टी बांधली. रक्त घेणाऱ्यानं सुई हाताजवळ धरली. "इकडं बघा नाना!" फोटो निघाला.

"आता घेऊनच टाकू का?" सुई हातात धरून तो विचारत होता.

"आधी बायामाणसांचं घ्या," म्हणत बलभीमनं स्वतःच पट्टी सोडली. दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो आला. खाली लिहिलं होतं, ‘स्वतः रक्त तपासणी करून शिबिराचा शुभारंभ करताना.’

आपल्याकडं असे किती शुभारंभ होतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. ती पेपरात आली नाही. बायकांच्या मागं, रांगेच्या शेवटी, एक पुरुष उभा होता. हिंमतराव. बलभीमच्या शेताला त्याचं शेत लागून होतं, दोघांची उठबस रोजची. बायको शेवंतानं त्याला दटावून आणलं होतं, आणि ती पुढं रांगेत उभी होती. हिंमतरावानं सदऱ्याची बाही वर करून ठेवली होती. सकाळपासून त्यानं चहासुद्धा घेतला नव्हता.

स्टेजवरून बलभीमचं लक्ष गेलं. हातात माईक होता.

"आवं हिंमतराव! बायकांच्या रांगेत काय करताय? बाळंतपणाला नाव घालायचंय का?"

सगळा मांडव हसला. बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. हिंमतराव ओशाळला. त्यानं बाही खाली केली, हसत हसत स्टेजवर आला आणि बलभीमनं पुढं केलेला पेढा तोंडात टाकला.

शेवंता मात्र हसली नाही. ती तिथूनच म्हणाली, "आवं, उपाशी हाय ते. पेढा नका देऊ." तिचं बोलणं माईकपुढं कुणाला ऐकू गेलं नाही.

त्या दिवशी मांडव उतरवल्यावर लालमहंमद भट्टीवर आला.

"बलभीमा, तू आज लई वाईट केलंस."

"काय केलं? गंमत केली."

"पन्नास बायांमागं एक गडी उभा होता, त्याला बी उठवलंस. आता पुढच्या साली एक बी उभा राहायचा न्हाय."

"तुझं झालं सुरू."

"झालं सुरू तर झालं. म्या एसटी चालवली रे जन्मभर. गाडी डेपोतनं निघायच्या आधी मेकॅनिक ब्रेक बघायचा. म्या कधी त्याला म्हणलो का, की ब्रेक बघू नको, खराब निघंल? अरे, खराब असंल तर डेपोतच कळू दे. घाटात कळून काय करू?"

"माणूस म्हंजी गाडी न्हाय, लाल्या."

"न्हायच. गाडी मोडली तर दुसरी मिळती."

बलभीमनं कढईत उलथणं फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "तिचं तपासलं न्हवतं तवर ती हसतखेळत होती. कागद हातात आला आन् बाई खचली. मला न्हाय कळून घ्यायचं. जवा यायचं तवा येऊ दे."

लालमहंमद म्हणाला, "हसतखेळत न्हवती. सुजलेल्या पायावर ह्याच कढईपुढं उभी होती. तू बघत न्हवतास."

बलभीमच्या हातातलं उलथणं थांबलं. "जा तू. ऊठ इथनं."

लालमहंमद उठला. पण जाता जाता एवढं बोललाच, "ती तपासल्यानं गेली न्हाय. उशिरा तपासल्यानं गेली. हे तुला कळतंय. म्हणून तर तू चिडलास."

दोघं कितीतरी दिवस एकमेकांशी बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी पुन्हा शिबिर झालं. लालमहंमद म्हणाला तसंच घडलं. एकही पुरुष रांगेत नव्हता, एकटा लालमहंमद सोडून. त्याची बायको सायराबी त्याला हाताला धरून घेऊन आली होती. बाकीचे पारावर बसून तंबाखू मळत होते. हिंमतरावही तिथंच होता. कुणीतरी म्हणालं, "रक्त तपासलं की रोग निघतो बघा. बलभीमनानाच्या घरचंच घ्या की. मालकीण तपासली आन् गेली."

बलभीम शेजारून जात होता. त्यानं ते ऐकलं. त्याच्या मेलेल्या बायकोचा दाखला देऊन लोक तपासणी टाळत होते! त्यानं थांबून एक शब्द बोलायला हवा होता. तो बोलला नाही. कसा बोलणार? त्याच्या मनातही तेच होतं.

मग हिंमतरावाची कंबर दुखायला लागली. पोतं उचलून धरली असंल म्हणून त्यानं बाम लावला. शेक घेतला. औषधाच्या दुकानातनं गोळ्या आणल्या. लघवीला त्रास होत होता, ते त्यानं शेवंतालाही सांगितलं नाही. तिनं विचारलं, तर म्हणाला, "वय झालं की सगळ्यांचंच असतंय." एके दिवशी तो बांधावर बसला, तो उठूच शकला नाही. दोघातिघांनी उचलून घरी आणला.

बार्शीच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. प्रोस्टेटचा कॅन्सर होता. तो हाडांत गेला होता.

बलभीम भेटायला गेला तेव्हा डॉक्टर बाहेरच भेटले. त्यानं विचारलं, "काय करता येईल सायेब? पैशाचा इचार करू नका."

डॉक्टर म्हणाले, "आता आजार आवरता येतो, वेदना कमी करता येतात. बरं करता येत नाही. हा आजार बहुतेक वेळा सावकाश वाढतो. दीड-दोन वर्षांपूर्वी कुणी यांचं रक्त तपासलं असतं, तर कदाचित ग्रंथीतच सापडला असता. तुमच्या भागात शिबिरं होत नाहीत का?"

बलभीमनं वॉर्डाचं दार ढकललं.

आत खाटेवर हिंमतराव पडून होता. निम्मा झाला होता. त्यानं आजूबाजूच्या खाटांकडं बोट केलं आणि हसायचा प्रयत्न केला. "बघ नाना, इथं समदे गडीच हायेत. बाई एक बी न्हाय. रांग गड्यांचीच होती की रे. आमी उशिरा आलो, एवढंच."

त्या हसण्यात टोमणा नव्हता. म्हणून ते बलभीमला सहन झालं नाही. तो पाणी आणतो म्हणून बाहेर गेला आणि जिन्यात बसून राहिला.

पोळ्याच्या आधी हिंमतराव गेला.

तेरावा झाल्यावर बलभीम शेवंताकडं गेला. ओसरीवर हिंमतरावाचा थोरला भाऊ बजरंग बसला होता. बलभीमनं नेहमीचं बोलणं सुरू केलं. देवापुढं कुणाचं चालत नाही, एवढंच आयुष्य होतं, आता लेकरांकडं बघा. शेवंता उंबऱ्याच्या आत बसली होती. तिनं थोडा वेळ ऐकलं, मग म्हणाली:

"भाऊजी, पेपरातला तुमचा फोटो चांगला आला होता."

"म्या तो फोटो ह्यांना दाखवला. म्हणलं, बघा, बलभीम भाऊजी ह्या वयात टोचून घेत्यात, तुमी बी घ्या. तर हे हसले. म्हणले, ‘येडी का काय तू? नुसता फोटो हाय. त्यानं कुठं टोचून घेतलं? त्याला लागत न्हाय, तर मला कशाला लागतंय?’" तिचा आवाज चढला नव्हता. "म्या बायको. रोज सांगत होते. माझं त्यांनी ऐकलं न्हाय. तुमचं एका हाकेत ऐकलं. देवाचं नाव घेऊ नका माझ्यापुढं. देवानं त्यांना रांगेत उभं केलं होतं!"

बजरंग खाली मान घालून बसला. बलभीम उठला. चपला पायात घालताना त्याला नीट दिसत नव्हतं.

तो घरी गेला नाही. थेट लालमहंमदच्या दारात गेला. सायराबीनं खुर्ची दिली, तो बसला नाही.

"लाल्या, मला बी तरास हाय. लई दिवसांपासनं. चल, कुठं तपासायचं तिथं तपास."

लालमहंमदनं काही विचारलं नाही. सुनावलंही नाही. "उद्या सकाळी जाऊ," म्हणाला. "काय खाऊ नको."

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं बार्शीला गेले. सुई टोचली तेव्हा बलभीमनं मान फिरवली. मुंगी चावावी तेवढंच दुखलं. एवढ्यासाठी आपण दोन वर्षं पळत होतो, हे त्याला तिथं कळलं.

प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा जास्त निघाला. डॉक्टरांनी समजावलं, "घाबरू नका. नुसत्या आकड्यावरून कॅन्सर ठरत नाही. ग्रंथी सुजली तरी आकडा वाढतो. पुढची तपासणी करू, मग बोलू." पुढच्या तपासण्या झाल्या. कॅन्सर निघाला. पण तो ग्रंथीच्या बाहेर गेला नव्हता. उपचारांनी बरा होण्यासारखा होता.

निकितानं देवापुढं साखर ठेवली. कृष्णराज बापाच्या गळ्यात पडून रडला. बलभीमला मात्र आनंद झाला नाही. ज्याला त्यानं रांगेतून उठवलं तो मेला होता, आणि ज्यानं उठवलं तो वाचणार होता. हा न्याय त्याला कुणी समजावून सांगू शकत नव्हतं.

उपचार संपले. कडूबाईचं तिसरं वर्षश्राद्ध जवळ आलं. बलभीम पुन्हा शेवंताच्या दारात गेला. या वेळी तो ओसरीवर चढला नाही, खालीच उभा राहिला.

"वहिनी, औंदाचं शिबिर हिंमतच्या नावानं घ्यावं म्हणतो. तुमची हरकत नसंल तर."

शेवंता निवडत असलेलं धान्य बाजूला ठेवून म्हणाली, "नाव घेऊन काय करू, भाऊजी? कडूबाईंच्या नावानं घेतलं, त्यानं कोण वाचलं? मेलेल्यांची नावं पुरे झाली. ज्यांची माणसं हयात हायेत, त्यांच्या दारात जावा."

"माझं ऐकतील का लोक?"

"रांगेतनं नीघ म्हणल्यावर ऐकलं होतं. आता रांगेत उभं ऱ्हा म्हणून बघा."

बलभीम वळला आणि तिथूनच त्यानं सुरुवात केली.

लालमहंमदला बरोबर घेऊन तो दारोदार फिरला. पण त्यानं एक गोष्ट वेगळी केली. त्यानं पुरुषांना विचारलंच नाही. पुरुष काय सांगणार, हे त्याला स्वतःवरून माहीत होतं. तो घरातल्या बाईला विचारायचा, "वहिनी, ह्यांचं कसं काय हाय? खरं सांगा."

आणि बाया सांगायच्या! नवरा शेजारी बसून डोळे वटारत असला तरी सांगायच्या. "लई पाणी पित्यात." "जिना चढला की छातीला हात लावत्यात." "लघवीला बसले की उठत न्हायीत, म्या भाईर वाट बघत बसते." "वजन उतरलंय, पँट ढिली झालीया, तर म्हणत्यात शिंप्यानं बिघडवली." गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे आजार गावातल्या बायांना तोंडपाठ होते. आजवर कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

एका घरात म्हातारा चिडला. "नाना, तुमी आमच्या बायकूला काय इचारताय? लाज हाय का?"

बलभीम म्हणाला, "लाजंपायी एक माणूस घालवलाय म्या. तुला घालवायचा न्हाय. मला कॅन्सर निघालाय, तो बी तिथंच. लघवीच्या जाग्याला. सांगताना मी मेलो का? न्हाय. गप उद्या उपाशी ये."

असलं बोलणं म्हाताऱ्यानं पुरुषाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं.

आणि ज्या घरात बाई उरली नव्हती, त्या घरात दोघं जास्त वेळ बसायचे. तिथं विचारायला कुणी नसायचं. म्हातारा एकटा, चूल थंड, कोपऱ्यात उशाला गोळ्यांची रिकामी पाकिटं. "मला काय झालंय?" तो म्हणायचा. बलभीमला ते वाक्य चांगलं ओळखीचं होतं. अशांना तो शिबिराच्या सकाळी स्वतः हाताला धरून आणणार होता.

त्या वर्षी शिबिराला स्टेज नव्हतं. माईक नव्हता. फोटोवाल्याला निरोपच दिला नव्हता. पेढे होते, पण ते रक्त दिल्यानंतर, आणि साखर नसेल त्यालाच. शाळेच्या एका खोलीत पुरुषांनी डॉक्टरांशी एकट्यानं बोलायची सोय केली होती. सगळे आले असं नाही. पारावर बसून हसणारे त्या दिवशीही होते. पण रांगेत पुरुष होते, आणि ते डोळ्यांत भरण्याइतके होते. कुणी दमलेले, कुणी चिडलेले, कुणी बायकोनं ढकलून आणलेले.

दुपारी शेवंता आली. डोक्यावर पदर, आणि मागं थोरला दीर बजरंग. बलभीम लगबगीनं पुढं झाला.

"वहिनी, तुमी आलात..."

"ह्यांचं रक्त घ्या," ती म्हणाली. "भावाला होतं, तर भावाचं आधी बघावं लागतं, असं डॉक्टर म्हणले होते. तुमच्यासाठी आले न्हाय म्या."

"व्हय," बलभीम म्हणाला.

तिनं त्याला माफ केलं नाही. पुढंही कधी केलं नाही. बलभीमनंही ती अपेक्षा ठेवली नाही. त्यानं बजरंगला खुर्ची दिली आणि स्वतः त्याच्या दंडाला हात देऊन उभा राहिला, सुई टोचून होईपर्यंत.

वाचकहो, पन्नाशी ओलांडली असेल तर वर्षातून एकदा रक्त तपासा, रक्तदाब बघा, आणि कोणती तपासणी आपल्याला लागते ते डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा. लघवीचं बोलायला लाजू नका. शरमेनं रोग कमी होत नाही. तपासल्यानं आजार येत नसतो, तो आधीच आलेला असतो. जो तपासायला निघालाय त्याची थट्टा करू नका, ती थट्टा कुठवर जाईल हे तुम्हाला माहीत नाही. आणि आज घरात कुणी तुमच्या मागं लागून विचारत असेल, "बरं वाटत न्हाय का? जाऊन येऊ या का दवाखान्यात?" तर तिच्यावर खेकसू नका. चप्पल घाला आणि तिच्याबरोबर जा. जाताना तिचंही तपासून घ्या.